पंप किती मोठा हवा?

व्यापारी घराला खरेदी नवी नसते. माल हातात घ्यावा, वास घ्यावा, मूठभर उचलून उजेडात धरावा आणि भाव ठरवावा, ही विद्या अशा घरात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेली असते. मात्र दहा-बारा वर्षांतून एकदाच घ्यावी लागणारी आणि घेतल्यावर जमिनीखालच्या खोलीत बसवून विसरून जायची वस्तू समोर आली, की हीच विद्या तोकडी पडते. मग माणूस सवयीकडे वळतो. ‘मोठे घ्या म्हणजे चिंता नको’ हा त्या सवयीचा पहिला सल्ला, आणि ‘महाग आहे म्हणजे चांगलेच असणार’ हा दुसरा. घरच्या पोहण्याच्या तलावाचा पंप ही अशीच एक वस्तू आहे. सांगलीच्या एका हळद-अडत्यांच्या घरात ती निवडताना तीन आठवडे जो विचार झाला, तो इतर घरांनाही उपयोगी पडेल असा आहे.

हे घर नदीकडच्या बाजूला आहे. २०१२ साली बंगल्याच्या मागच्या अंगणात तलाव बांधला गेला, तो मुलांच्या हट्टापायी. पुढे मुले मोठी झाली, त्यांची लग्ने झाली, आणि तलावाचा खरा उपयोग अक्कांना होऊ लागला. दोन्ही गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांनी त्यांना पाण्यात चालण्याचा व्यायाम सांगितला होता. पाण्यात शरीराचा भार गुडघ्यांवर कमी येतो, म्हणून जमिनीवर वीस पावलांत थकणाऱ्या अक्का पाण्यात अर्धा तास चालत. तलावाला त्या ‘हौद’च म्हणत. सकाळी अक्का आणि संध्याकाळी चार नातवंडे, असा हौदाचा दिनक्रम होता.

फेब्रुवारीत पंपातून कर्कश आवाज येऊ लागला. मिस्त्रींनी उघडून पाहिले, तेव्हा सील झिजून पाणी बेअरिंगपर्यंत गेले होते. आठ दिवसांत मोटारीचे वाइंडिंगही जळाले. ही मोटार २०१९च्या महापुरात पाण्याखाली गेली होती आणि तेव्हा एकदा रिवाइंड करून घेतली होती. आता इंपेलरची पाती झिजलेली, पंपाच्या अंगाला बारीक तडा गेलेला. दुरुस्तीवर पैसे घालण्यात अर्थ उरला नव्हता. पंप बंद पडून पाच दिवस झाले आणि पाण्यावर हिरवी झाक आली. अक्कांचा व्यायाम थांबला, तसा गुडघ्यांचा ताठरपणा पुन्हा जाणवू लागला. निर्णय लवकर हवा होता.

घरातले कर्ते अण्णा. पेढी चाळीस वर्षे चालवलेली, नदीकाठी उसाची आणि हळदीची शेती, तिच्यासाठी घेतलेले पंप त्यांनी स्वतः निवडलेले. ताकारी, म्हैसाळ, टेंभू अशा उपसा योजनांच्या जिल्ह्यात पंपाविषयी प्रत्येकाचे ठाम मत असते, तसे अण्णांचेही होते. “जुना दीड अश्वशक्तीचा होता, तो बारा वर्षांत गेला. आता दोनचा घ्या. अंग मोठे असले की मशीनला दम लागत नाही,” असे त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकले. धाकट्या चिरंजीवांना कमी-जास्त वेगाने चालणारा नव्या पद्धतीचा पंप हवा होता. विक्रेत्याच्या माहितीपत्रकात ‘वर्षाच्या आत पैसे वसूल’ असे छापलेले होते, त्यावर त्यांचा विश्वास बसला होता. दोघांपैकी कोणाचेही म्हणणे वावगे वाटावे असे नव्हते.

घरखर्चाची वही धाकट्या सूनबाईंकडे असते. लग्नाआधी त्या एका सनदी लेखापालांच्या कार्यालयात काम करीत. त्यांनी कोणाच्याही बाजूने बोलण्याआधी टेप घेतली आणि तलाव मोजला. लांबी ९ मीटर, रुंदी साडेचार मीटर, खोली एका टोकाला १ मीटर आणि दुसऱ्या टोकाला दीड मीटर, म्हणजे सरासरी सव्वा मीटर. गुणाकार केला तर पाणी सुमारे ५०,६०० लिटर, म्हणजे ५० घनमीटरांहून थोडे अधिक. बारा वर्षे घरात तलाव होता, पण त्यात पाणी किती मावते हे कोणालाच नेमके ठाऊक नव्हते.

यानंतरचा प्रश्न हे पाणी किती वेळात एकदा गाळले जायला हवे, हा होता. घरगुती तलावात सहा ते आठ तासांत सगळे पाणी एकदा फिल्टरमधून फिरावे, असा सर्वसाधारण हिशेब धरतात. पन्नास घनमीटरांना सहाने भागले, की ताशी सुमारे साडेआठ घनमीटर येतात. पंपाकडून नित्याचे काम एवढेच हवे होते. सूनबाईंनी मग फिल्टरची नामपट्टी वाचली. वाळूचा फिल्टर, व्यास ६०० मिलिमीटर, जास्तीत जास्त प्रवाह ताशी १४ घनमीटर. त्यांनी वहीत दोन ओळी लिहिल्या: ‘गरज साडेआठ. फिल्टरची मर्यादा चौदा.’

आता पंपांची माहितीपत्रके उघडली. पंपाची ताकद केवळ अश्वशक्तीवरून कळत नाही. किती उंचीच्या विरोधाला तो किती पाणी देतो, याचा आलेख प्रत्येक पत्रकात असतो. या विरोधाला ‘हेड’ म्हणतात. दोन अश्वशक्तीचा पंप १० मीटर हेडला ताशी वीस घनमीटरांहून अधिक पाणी देत होता, आणि एक अश्वशक्तीचा बारा.

अण्णांना हे पटेना. “एक अश्वशक्ती? त्याने आमच्या शेतातल्या टाकीतसुद्धा पाणी चढणार नाही.”

“अण्णा, शेतात आपण पाणी नदीतून वर चढवतो,” सूनबाई म्हणाल्या. “इथे ते चढवायचे नाही. ज्या हौदातून घेतले त्याच हौदात, त्याच पातळीला परत सोडायचे आहे. पंपाला लढायचे आहे ते फक्त पाइप, कोपरे आणि वाळूशी.”

विहिरीच्या किंवा नदीच्या पंपाला पाणी खरोखर उचलावे लागते, म्हणून तिथे उंचीचा हिशेब आधी येतो. तलावाचे पाणी मात्र फेरा मारून निघाल्या पातळीलाच परततो. चढाचे जेवढे कष्ट, तेवढेच उतारावर परत मिळतात. उरते ते घर्षण. पाइप जितका अरुंद, वळणे जितकी जास्त आणि वाळू जितकी मळलेली, तितके ते वाढते. चाळीस वर्षांचा शेतीतला अनुभव खरा होता, पण तो वेगळ्या कामाचा होता.

अण्णा काही वेळ गप्प राहिले. मग सूनबाईंनी त्यांना विचारले, “आपल्या ठिबकला वाळूची गाळणी आहे ना? तिच्यातून मर्यादेपेक्षा जास्त पाणी सोडले तर काय होते?”

“वाळूत वाट पडते,” अण्णा लगेच म्हणाले. “पाणी त्या वाटेने न गाळताच निघून जाते. मागे एकदा त्याने सगळ्या नळ्या तुंबल्या होत्या.” आणि बोलता बोलता ते थांबले. पुढचे कोणाला सांगावे लागले नाही. चौदा घनमीटरांच्या फिल्टरमागे वीस घनमीटरांचा पंप लावला, तर पाणी जास्त फिरेल आणि कमी गाळले जाईल. जुना दीड अश्वशक्तीचा पंपसुद्धा या फिल्टरला जडच होता. पाणी कधीच काचेसारखे का दिसत नाही, याचे उत्तर बारा वर्षांनी मिळाले.

एक शंका मात्र रास्त होती. वाळू धुण्यासाठी फिल्टरमधून पाणी उलट दिशेने सोडावे लागते, त्याला बॅकवॉश म्हणतात. त्यासाठी नित्यापेक्षा जास्त जोर लागतो, नाहीतर वाळू उचलली जात नाही आणि मळ तसाच राहतो. या व्यासाच्या फिल्टरला ताशी अकरा-बारा घनमीटर पाणी पुरते, आणि एक अश्वशक्तीचा पंप तेवढे देत होता. तीन मिनिटांच्या बॅकवॉशला सुमारे ६०० लिटर पाणी वाहून जाते, म्हणून तो वारानुसार न करता दाबाचा काटा पाहून करावा. वाळू स्वच्छ असतानाचा दाब लिहून ठेवायचा आणि काटा त्याच्या अर्धा बार वर गेला, की धुवायचे. या घरात तोवर दर रविवारी धुण्याचा शिरस्ता होता, कारण रविवारी माळी मोकळा असे.

दोन अश्वशक्तीचा पर्याय अशा रीतीने मागे पडला. आता सामना एक अश्वशक्तीचा साधा पंप आणि बदलत्या वेगाचा पंप यांच्यात राहिला. बदलत्या वेगाच्या पंपामागचे शास्त्र पक्के आहे. पंपाचा वेग निम्मा केला, की पाणी निम्मे होते; पण लागणारी शक्ती वेगाच्या घनाने उतरते, म्हणजे एक अष्टमांशावर येते. दुप्पट वेळ चालवूनही वीज पाव पटच लागते. याच कारणाने अमेरिकेत जुलै २०२१ पासून तलावांच्या पंपांना कार्यक्षमतेचे किमान मानक लागू झाले, आणि तिथे मध्यम व मोठ्या तलावांसाठी साध्या पंपांची जागा बहुतांशी बदलत्या वेगाच्या पंपांनी घेतली. मोटार आणि तिचे नियंत्रण करणाऱ्या ड्राइव्हमध्ये काही शक्ती खर्च होते, म्हणून प्रत्यक्षात बचत पुस्तकी आकड्यापेक्षा कमी भरते. तरीही ती मोठीच असते.

सूनबाईंनी वहीचे एक पान चार रकान्यांत आखले. सगळे आकार धरून विजेचा दर युनिटला १२ रुपये मानला. जुना पंप १.४ किलोवॉट ओढत दिवसाला आठ तास चाले, रोज ११.२ युनिट, वर्षाला ४९,०५६ रुपये. दोन अश्वशक्तीचा पंप तितकेच तास चालवला असता, तर रोज १६ युनिट आणि वर्षाला ७०,०८० रुपये झाले असते. एक अश्वशक्तीचा पंप सुमारे १ किलोवॉट ओढतो. बारा घनमीटरांच्या वेगाने सहा तासांत तो ७२ घनमीटर पाणी फिरवतो, म्हणजे सगळ्या तलावाचा जवळजवळ दीड फेरा. त्याचे रोज ६ युनिट, वर्षाला २६,२८० रुपये. बदलत्या वेगाचा पंप निम्म्या वेगाने दहा तास आणि आठवड्यातून दोन तास पूर्ण वेगाने चालवला, तर रोज सरासरी २.८ युनिट, वर्षाला १२,२६४ रुपये.

कोटेशन असे होते: दोन अश्वशक्तीचा ३८,००० रुपये, एक अश्वशक्तीचा २६,००० रुपये, बदलत्या वेगाचा ८८,००० रुपये.

या आकड्यांपाशी ‘वर्षाच्या आत पैसे वसूल’ या वाक्याचा उलगडा झाला. बदलत्या वेगाच्या पंपाची तुलना दोन अश्वशक्तीच्या पंपाशी केली, तर जादा किंमत ५०,००० आणि वर्षाची बचत ५७,८१६. रक्कम साडेदहा महिन्यांत वसूल होते. माहितीपत्रक खोटे नव्हते. तीच तुलना योग्य आकाराच्या एक अश्वशक्तीच्या पंपाशी केली, तर जादा किंमत ६२,००० आणि वर्षाची बचत १४,०१६. परतफेडीला चार वर्षे पाच महिने लागतात. विक्रेत्याने आपल्या मालाची तुलना घेणाऱ्याच्या सर्वांत वाईट पर्यायाशी केली होती. कर्जाच्या प्रस्तावात उत्पन्नाचा अंदाज तपासताना आधारवर्ष कोणते धरले आहे हे आधी पाहतात, तसे इथेही आधी पाहायला हवे होते.

धाकटे चिरंजीव मात्र सहजी मागे हटले नाहीत, आणि त्यांचा मुद्दा चुकीचा नव्हता. “चार वर्षे पाच महिने तर चार वर्षे पाच महिने. पंप दहा वर्षे चालला, तर पुढची साडेपाच वर्षे निव्वळ फायदाच ना? बँकेत ठेवलेले बासष्ट हजार वर्षाला चौदा हजार देतात का?” ठेवीच्या व्याजाशी तुलना केली, तर त्यांचेच पारडे जड होते. सूनबाईंनी ते वहीत तसे नोंदवलेही. प्रश्न उरला तो ‘दहा वर्षे चालला, तर’ या शब्दांचा.

त्याचे उत्तर पंपखोलीच्या भिंतीवर होते. तलावाच्या पाण्याच्या पातळीलगत असावा म्हणून पंप जमिनीत चार फूट खोल खोलीत बसवलेला होता. तिच्या भिंतीवर छताजवळ एक तपकिरी रेघ अजून दिसत होती. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती. तिथे ४५ फुटांना धोक्याची पातळी मानतात. २०२१च्या जुलैतही पाणी शहरात शिरले. साधी मोटार पुरात बुडाली, तर वाळवून, रिवाइंड करून पुन्हा उभी करणारे कारागीर सांगलीत गल्लोगल्ली आहेत. २०१९ साली याच मोटारीला त्यांनी उभे केले होते. इलेक्ट्रॉनिक ड्राइव्ह एकदा गाळाच्या पाण्यात गेला, की तो बदलावाच लागतो. त्याची किंमत साध्या पंपाहून जास्त, आणि हमीपत्रात पुराचे नुकसान वगळलेले. परतफेडीला साडेचार वर्षे लागणार, आणि त्याआधीची नोंद अशी की तीन वर्षांत दोन पूर आले. धाकट्या चिरंजीवांनी हमीपत्राची ती ओळ दोनदा वाचली आणि पत्रक घडी घालून ठेवले. पंपखोली उंच, कोरडी जागा असती, तलाव याहून मोठा असता किंवा पाणी तापवण्याची सोय असती, तर निर्णय त्यांच्या बाजूने लागला असता, आणि लागायलाही हवा होता.

येथवर सगळा विचार पैशांचा झाला. पण सर्वांत महत्त्वाची गोष्ट मिस्त्रींच्या तोंडून जाता जाता बाहेर पडली. पाणी उपसायला ते तलावात उतरले, तेव्हा तळाच्या मेन ड्रेनची जाळी त्यांच्या पायाला हलली. एक स्क्रू निघालेला, एक गंजलेला, जाळीचा कोपरा तुटलेला. “ताई, दोनचा पंप बसवणार असाल, तर आधी ही जाळी बघा. पोरं तळापर्यंत बुडी मारतात.”

तलावातून पाणी ओढणाऱ्या वाटा दोन असतात: पृष्ठभागावरचा स्किमर आणि तळाचा ड्रेन. या तलावात ड्रेन एकच होता. तळ साफ करताना माळी स्किमरचा व्हॉल्व्ह बंद करी आणि कधी कधी तो तसाच राहून जाई. मग पंपाची सगळी ओढ त्या एका भोकावर येई. हे भोक कोणाच्या पाठीने किंवा पोटाने पूर्ण झाकले गेले तर काय होते, याचा हिशेब अवघड नाही. वीस सेंटिमीटर व्यासाच्या तोंडावर वातावरणाच्या दाबाच्या एक तृतीयांशाइतकी पोकळी निर्माण झाली, तर ओढ शंभर किलोंच्या वर जाते. मोठा माणूसही तिथून मुलाला सहज उपटू शकत नाही. लांब केस जाळीत ओढले जाऊन आत गुंतण्याचा धोका वेगळाच.

अमेरिकेत २००२ साली व्हर्जिनिया ग्रॅम बेकर ही सात वर्षांची मुलगी अशीच पाण्याखाली अडकून दगावली. तिथले माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांची ती नात. तिच्या आईने पुढे या प्रश्नाचा पाठपुरावा केला, आणि २००७ साली तिच्याच नावाने तलावसुरक्षेचा कायदा झाला. अंगाने पूर्ण झाकली जाणार नाही अशी फुगीर जाळी असावी, आणि एकाच ड्रेनवर विसंबू नये, हा त्यामागचा गाभा. दोन ड्रेन तीन फुटांहून अधिक अंतरावर असून एकाच पाइपला जोडलेले असले, की एक झाकला गेला तरी पाणी दुसऱ्यातून येते आणि ओढ सुटते.

त्या संध्याकाळी सूनबाईंनी हे सगळे जेवणाआधी अण्णांना सांगितले. अण्णांची सर्वांत मोठी नात दोन लांब वेण्या घालते आणि तळाला टाकलेले नाणे उचलून आणण्याची तिची पैज भावंडांमध्ये प्रसिद्ध आहे. अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, “पंप कोणता घ्यायचा ते तुम्ही ठरवा. पण त्या जाळीचे काम झाल्याशिवाय एकही पोर पाण्यात उतरणार नाही. आणि तिलाही सांगा, वेण्या वर बांधून टोपी घालायची.” अक्कांनी हे स्वयंपाकघरातून ऐकले आणि विचारले, “माझे काय?” त्यांनाही थांबावे लागेल असे ठरले. गुडघ्यांसाठी तीन आठवडे सकाळ-संध्याकाळ शेकाचा उपचार सुरू झाला.

ठरले ते असे. एक अश्वशक्तीचा साधा पंप, २६,००० रुपये. तलाव रिकामा करून तळाला दुसरा ड्रेन आणि दोन्हींवर फुगीर जाळ्या, ३४,००० रुपये. विजेच्या बाजूला स्वतंत्र अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरला तुटणारा आरसीसीबी, शिवाय सगळी पेटी भिंतीवरच्या तपकिरी रेघेच्या वर, ९,००० रुपये. दाबाचा नवा काटा, व्हॉल्व्ह आणि पंपाच्या दोन्ही बाजूंना हाताने सोडता येतील अशी युनियन, ५,५०० रुपये. एकूण ७४,५०० रुपये. बदलत्या वेगाचा नुसता पंप ८८,००० रुपयांना पडला असता.

रिकाम्या करायच्या ५० हजार लिटर पाण्याचा प्रश्न होता. क्लोरीन टाकणे थांबवून ते आठ दिवस उन्हात तसेच ठेवले आणि मग अंगणातल्या नारळांना व शेजारच्या आमराईला पाळीपाळीने सोडले. काम मार्चअखेर पूर्ण झाले.

हा सगळा हिशेब ज्यांना आपल्या घरी करायचा असेल, त्यांनी दुकानात जाण्याआधी घरातच पाच गोष्टी लिहून काढाव्यात. तलावात पाणी किती आहे. फिल्टरची मर्यादा नामपट्टीवर किती लिहिली आहे. पाइपाचा व्यास केवढा आहे आणि ओढणाऱ्या वाटा किती. तळाला ड्रेन किती आणि त्यांच्या जाळ्या कशा. आणि पंप जिथे बसणार, ती जागा कोरडी राहते की नाही. ही पाच उत्तरे हाती असली, की अश्वशक्तीचा आकडा जवळजवळ आपोआप निघतो. जुन्या पंपावरचा आकडा पाहून तोच किंवा त्याहून मोठा मागणे, हा घाईचा मार्ग आहे. जुना पंप योग्य होता हे त्यात गृहीत धरलेले असते. विक्रेत्याने बचत सांगितली, तर ती कोणाच्या तुलनेत, हे नम्रपणे विचारावे. आणि पंपाच्या किमतीबरोबरच विजेची सुरक्षा व जाळ्या यांची तरतूद त्याच पानावर करावी, कारण वेगळ्या पानावर ढकललेला खर्च पुढच्या वर्षावर जातो.

नव्या पंपाचा आवाज इतका कमी होता, की पहिल्या दिवशी अण्णा दोनदा खाली उतरून तो चालू आहे ना, हे पाहून आले. दहाव्या दिवशी दीड मीटर खोलीवरच्या फरशीचे सांधे वरून मोजता येऊ लागले. अक्कांनी पाण्यात उतरताना कठडा धरला आणि पहिल्या दिवशी दहाच मिनिटे चालल्या. दुसऱ्या आठवड्यात त्या पुन्हा अर्ध्या तासावर आल्या. पहिल्या पूर्ण महिन्याच्या वीजबिलात आदल्या वर्षीच्या त्याच महिन्यापेक्षा १४९ युनिट कमी होते; वहीतल्या अंदाजापेक्षा सात कमी. सूनबाईंनी दोन्ही आकडे शेजारीशेजारी लिहिले.

जूनच्या पहिल्या रविवारी, पाऊस सुरू होण्याआधी, अण्णांनी सगळ्या घराला पंपखोलीपाशी बोलावले. वीज बंद करायची, दोन्ही व्हॉल्व्ह फिरवायचे, युनियन सोडायची आणि पंप उचलून माडीवर न्यायचा, याची रंगीत तालीम होती. थोरल्या चिरंजीवांनी आणि माळ्याने पंप उचलला, सहा वर्षांच्या नातवाने घड्याळ धरले. पंप माडीवर पोचायला अठरा मिनिटे लागली. अण्णा म्हणाले, “पुन्हा लावा, पुन्हा काढा.” दुसऱ्या खेपेस अकरा लागली, आणि हा आकडाही वहीत गेला.